बग क्रमांक २१४

सोमवार, ३ नोव्हेंबर

सापडला! मुलाचं वजन चुकून ३२ टाकलं आणि मग सुधारून १२ केलं, तरी औषधाचा डोस ३२ किलोचाच राहतो. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच. आणि हे आमचं सॉफ्टवेअर पुढच्या सोमवारी मुलांच्या वॉर्डात सुरू होणार! बग नोंदवला. क्रमांक २१४.

मंगळवार, ४

नील — आमचा टीम लीड, वय एकोणतीस, तोरा साठीचा — जवळ येऊन हळूच म्हणाला, "ऋता, ती एंट्री उडव ना यार. शुक्रवारी हॉस्पिटलवाले कोड बघायला येतायत. फिक्स नंतर करू."

उडव म्हणे! आमच्याकडे बगांची यादी वेगळ्या साइटवर नसते, कोडच्याच पोटात असते. जो कोडची प्रत घेतो त्याच्याकडे यादीही जाते, सगळ्या इतिहासासकट. ही पद्धत नीलनेच आणली, तेव्हा केवढं भाषण ठोकलं होतं. आता त्यालाच टोचतेय.

नाही उडवणार. कर काय करायचं ते!

बुधवार, ५

त्याने केलं. सर्व्हरवरचा इतिहास बदलला, २१४ गायब. सगळ्यांना जुनी प्रत पुसून नवी घ्यायला लावली. माझ्या लॅपटॉपवर तर स्वतः डोक्याशी उभं राहून. "चला, विषय संपला."

परळपासून लालबागपर्यंत चालत आले. रडत. भीतीने नाही, संतापाने.

गुरुवार, ६

ऑस्वाल्ड!! पाय मोडल्यापासून तो माझगावला घरूनच काम करतोय. त्याने मंगळवारी प्रत घेतली होती, नवी घेतलेलीच नाही. फोनवर म्हणाला, "तुझा दोनशे चौदा इथे मजेत आहे गं. नीलचे पाच मेल आले. मी बोललो, नेट डाऊन आहे."

अर्धी सुट्टी टाकून गेले. त्याच्या आईने, मॅग्डलीन आंटीने, जेवल्याशिवाय लॅपटॉपला हात लावू दिला नाही. ऑस्वाल्ड प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून नुसता बघत होता. निघताना म्हणाला, "सगळी यादी वाच हां. बंद झालेले पण." बरं म्हटलं.

प्रत माझ्याकडे आहे. उद्या सगळ्यांसमोर उघडणार. नोकरी गेली तर गेली. कुणाचं तरी बारा किलोचं मूल आहे ते!

शुक्रवार, ७. सकाळी

निकालात निघालेले, बंद झालेले बग कोण वाचतं? आज वाचले.

क्रमांक ६१. दोन वर्षांपूर्वीचा. नोंदवणारा ऑस्वाल्ड: "वजन बदललं तरी डोस बदलत नाही." खाली शेरा: "माझ्याकडे असं होत नाही. उगाच वेळ घालवू नकोस. बंद." शेरा मारणारी — ऋता.

एकदाच करून पाहिलं असणार मी. कदाचित तेवढंही नाही.

दहाला हॉस्पिटलवाल्यांसोबत मीटिंग आहे. आधी ६१ उघडणार. मग २१४.