दोनदा सांगितलेला पत्ता

सोमवार, ११ मार्च

वहिनी,

आज दवाखाना नऊला उघडला. तापाचे सहा रुग्ण आले. खोकला आहे असे कोणीच सांगितले नाही. दादाला जाऊन आठ दिवस झाले आणि त्याच्या तपासणीचा अहवाल आज आला. नवा आजार नव्हता. साधी सर्दी होती.

तुम्ही अजून रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला शिव्या देता. दादा संशयित असल्याची बातमी त्याने फोडली नाही.

नव्या आजाराचा संशय आला की देशाच्या साथरोग सर्वेक्षण कक्षाला लगेच फोनवर कळवायचे, हे माझे काम. दादाचे नाव मीच कळवले. लाइन खरखरत होती. पलीकडची बाई म्हणाली, "अहो, जेवला नाहीत का? मोठ्यानं बोला!" मी नाव, पत्ता दोनदा ओरडून सांगितला. उघड्या खिडकीबाहेर औषधाची रांग उभी होती.

तुम्ही कामावरून यायच्या आत त्या रांगेतल्या लोकांनी घराचे दार पहारीने फोडले. मी पोचलो तेव्हा दादाला केसांना धरून जिन्यावरून ओढत होते. "खोक की आता!" म्हणत एक जण त्याच्या छातीवर लाथा घालत होता. दादाच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडले. मला पाहून तो म्हणाला, "छोट्या, मागे हो. तुलाही मारतील."

मी मागे झालो.

हे तुमच्या तोंडावर सांगता येत नाही. पत्रही बहुधा खणातच राहील.

रुग्ण नसला तरी दर सोमवारी आकडा कळवावा लागतो. आज शून्य लिहिले, उठून खिडकी लावून घेतली आणि मग फोन उचलला.

तुमचा धाकटा दीर