अर्धं बघून द्यायचं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची मुलुंडची बिल्डिंगही आता राहिलेली नाही. तिथे टॉवर उभा आहे, आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा तो डोंगर आता कुणा भलत्याच्याच बाल्कनीतून दिसत असेल. तरी तुम्हालाच लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की लोक लगेच डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर देतात. डॉक्टर झाले, बाई, सगळे झाले. हिला काचबिंदू आहे. ही म्हणजे तुमच्याच वर्गातली, कायम खिडकीबाहेर बघते म्हणून तुम्ही जिची जागा बदलायचात ती. आमचं लग्न तुम्ही पाहिलंत, पुढचं नाही पाहिलंत. गेलेली नजर परत येत नाही हे प्रत्येक डॉक्टरने आम्हाला नीट समजावलं, एकाने तर कागदावर डोळ्याचं चित्र काढून. चित्र मी पाहिलं. ही माझ्या शेजारी मान हलवत बसली होती.

रविवारी सकाळी तुम्ही आणि सर आम्हा पोरांना मागच्या डोंगरावर न्यायचात. एवढ्या घोळक्यात दुर्बीण एकच, तुमची. एकदा सावरीच्या झाडावर हळद्या पक्षी बसला होता. दुर्बीण माझ्या हातात, ही मागून माझी बाही ओढतेय, आणि मी काही डोळे काढत नाही. तो उडाला तेव्हा कुठे मी दुर्बीण मागे केली. तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत. म्हणालात, "पूर्ण बघून मग देतोस होय रे? तिने काय नुसती फांदी बघायची? अर्धं बघायचं आणि द्यायचं." माझे कान लाल झाले होते. पण तुम्ही आणि सर तसंच करायचात हे त्यानंतर माझ्या लक्षात आलं. सरांना काही दिसलं की ते मध्येच दुर्बीण काढून तुमच्या हातात द्यायचे, आणि मग तुमच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

सर गेल्यावर तुम्ही घरात एकट्याच होतात. आम्ही दोघं तुम्हाला भेटायला आलो, तेव्हा तुम्ही ओट्यापाशी मेथी निवडत होतात. हात पुसलेत, आतून दुर्बीण आणलीत आणि हिच्या मांडीवर ठेवलीत. घेऊन जा म्हणालात. मी उत्साहाने म्हटलं, की असं कसं, आम्ही नेतो ना तुम्हाला, थंडी पडली की जाऊ. तुम्ही परत मेथीकडे वळलात आणि म्हणालात, "बघीन रे. पण बघून देऊ कोणाला?" रिक्षात मी हिला म्हटलं, बाई फारच खचल्यात. तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालेलं, मला सगळ्यांवर उपाय माहीत होते.

तीच दुर्बीण घेऊन आम्ही सगळा संसार फिरलो. बोरिवलीचं नॅशनल पार्क, भांडुपची खाडी, सुट्टी मिळाली तर येऊरचा डोंगर. नवी घेण्याची ऐपत आली तरी दुसरी घेतली नाही. दर पावसाळ्यात तिबोटी खंड्या शोधायचा, हा आमचा ठरलेला वेडेपणा. मुठीत मावेल एवढा, जांभळा-नारिंगी पक्षी, ओढ्याकाठी येतो म्हणतात. सगळ्यांना दिसायचा, आम्हाला कधीच नाही. आणि भांडण व्हायचं ते दुर्बिणीच्या चाकावरून. माझ्या आणि हिच्या चष्म्याचा नंबर वेगळा, त्यामुळे ही बघून झालं की दुर्बीण माझ्याकडे धूसर होऊन यायची. मी पुन्हा चाक फिरवून जमवेपर्यंत पक्षी पसार. मी कुरकुरायचो. ही म्हणायची, "तुझे डोळेच वाकडे, त्याला मी काय करू?"

गेल्या हिवाळ्यात पार्कात नेहमीच्या उंबरावर तांबट होता. मी अर्धा बघितला आणि दुर्बीण हिच्या हातात दिली. हिने ती बरोबर त्या दिशेला धरली, पुरेसा वेळ धरली, "दिसला, कसला झकास बसलाय," म्हणाली आणि परत दिली. मी डोळ्याला लावली. तांबट तिथेच होता, स्वच्छ, मिशीचा केस न् केस दिसावा असा. मला चाक फिरवावंच लागलं नाही, म्हणजे हिनेही ते फिरवलं नव्हतं. मग आठवायला लागलो, की शेवटचं चाक कधी फिरवलं होतं. आठवेना. कितीतरी महिने दुर्बीण माझ्याच नंबरवर परत येत होती आणि मी मजेत होतो, की आता हिला जमायला लागलं.

मी काही बोललो नाही. बोललो तर ही यायची बंद होईल, आणि ती आली नाही तर मी कशाला जाऊ? म्हणून आम्ही दर रविवारी जातो. मी देतो, ती धरते, ती दिसला म्हणते. परतताना रिक्षात विचारते, "आज कमीच होते ना?" मी हो म्हणतो. आम्हा दोघांत आता खरं बोलणारं कुणीच उरलेलं नाही, बाई. आणि पुढेही असंच जायचं आहे, फक्त अंधार वाढत जाईल.

हा पावसाळा. ओढ्याच्या वळणावर ही माझं कोपर धरून उभी होती. ओल्या दगडावर काहीतरी हललं. दुर्बीण लावली आणि बघतो तर तिबोटी खंड्या. तोच. चोचीत छोटा खेकडा, दगडावर आपटतोय. कोपरावरची बोटं घट्ट झाली. "काय आहे रे?" हिने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही गं, पान हललं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. घरात ते वाचू शकेल असंही कुणी नाही, म्हणून टेबलावर उघडंच पडलंय. स्वतःला मी समजावतोय की तिचं ते "दिसला" त्या दिवशी मला सोसलं नसतं, म्हणून दुर्बीण दिली नाही. तेही खरं नाही. मी तो पूर्ण बघितला, बाई. उडेपर्यंत. आणि तेवढा वेळ ही शेजारी आहे हेच मी विसरलो होतो.