थोरुपसाहेबांचा मफलर आणि आमची चिप

सांक्ट गेओर्गेन,
गुरुवार

प्रिय रोस्वितामावशीला,

लिओबाचा भरघोस नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चढ चढू नका म्हटल्यावर तू हट्टाने दोनदा चढली असशील. मी ठणठणीत आहे, पण काल कारखान्यात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

आमचे मोठे पंखे डुकरांच्या शेडांत बसतात, हे तुला ठाऊकच आहे. त्यांच्या मोटरीत नखाएवढी चिप असते. वेग ती सांभाळते, आणि पातं कुठे अडकलं तर क्षणात वीज तोडते. मग पाच सेकंद थांबून हळूच पुन्हा फिरवून बघते. (तीन महिने मी हेच जुळवत होते. आई मात्र शेजारी सांगते, पोरगी पंखे दुरुस्त करते.)

काल डेन्मार्कहून थोरुप नावाचं बडं गिऱ्हाईक येणार होतं. सकाळी गारठ्याने मोटरीतलं वंगण घट्ट झालेलं, त्यामुळे चिपला वाटे पातं अडकलंय. पंखा काही सुरू होईना. आमचे मालक काल्टेनबाखसाहेब भडकले.

"लिओबा, ती अडवाअडवी काढून टाक!"

"साहेब, वंगण तापू द्या. ते संरक्षण आहे."

"मला ऑर्डरचं संरक्षण हवंय, पंख्याचं नको!" म्हणाले आणि तरातरा निघून गेले. आणि मावशी, तुझ्या भाचीने ते काढलं नाही!

अकराला थोरुपसाहेब आले. ताडमाड माणूस, गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबणारा लोकरी मफलर. तोवर कारखाना तापून वंगण सैल झालं होतं, पंखा कसा मऊसूत फिरत होता. पाती नीट दिसावीत म्हणून आमच्या साहेबांनी (हे कुणाला सांगू नकोस) पुढची जाळीच काढून ठेवलेली! वेग अगदी कमी करून ते ऐटीत म्हणाले, "कान लावा, काही ऐकू येतंय?" थोरुपसाहेब खरोखरच वाकले. मफलर त्यांच्या आधी आत गेला.

खट्! पंखा जागच्या जागी थांबला. थोरुपसाहेबांचं नाक पात्यापासून वीतभर, चेहरा लालबुंद, पण माणूस शाबूत!

"बंद कर!" काल्टेनबाखसाहेब किंचाळले.

"बंदच झालाय!"

तेवढ्यात पाच सेकंद भरले. पंख्याने मफलर हलकेच ओढून पाहिला आणि सोडला.

"मग हा हलतोय कशाला?"

"वाट मोकळी झाली का, विचारतोय!"

"नाही झाली म्हणावं!" थोरुपसाहेब वाकल्या वाकल्याच ओरडले.

त्याने पुन्हा विचारायच्या आत मी धावत जाऊन प्लग उपटला. मफलर सोडवल्यावर थोरुपसाहेब खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आमच्या शेडमध्ये माझी नात हिंडत असते. मला हेच पंखे हवेत. आणि जाळी घट्ट बसवलेली." काल्टेनबाखसाहेबांनी ताबडतोब माझ्या पाठीवर थाप मारली. "मी हिला सकाळीच बजावलं होतं, संरक्षण आधी!" मावशी, मला इतका आनंद झाला होता की मी तेही ऐकून घेतलं!

तुझी, अजून नोकरीवर असलेली,
लिओबा

ता. क. ते संरक्षण मी काढलं नाही हे अक्षरशः खरं. काढायलाच निघाले होते, पण कॅन्टीनमध्ये आलुबुखाराचा केक नुकताच भट्टीतून निघाला होता, आणि मग विसरले.

ता. क. २. सकाळी मी साहेबांचं ऐकलं नाही हे कुणीतरी सांगितलं, तेव्हा एवढा बाणेदारपणा कुठून आला, असं थोरुपसाहेबांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. ते आणि आमचे साहेब, दोघेही रविवारी बाराला तुझ्याकडे जेवायला येताहेत. हरणाचं मटण कर, आणि वरचा ता. क. फाडून चुलीत घाल.