तीस लिटरची कांडी

१२ ऑक्टोबर, सकाळी ६
आमची गाय चिमणी माजावर आली. हंबरून हंबरून घर डोक्यावर घेतलं. बरं झालं. आजपासून गुरांच्या कोठ्यातले सगळे डिसिजन मी घेणार. खुराक कोणता, बीज कोणतं, सगळं. बायकोले, शोभाले, चहाच्या वेळीच सांगून टाकलं. ती म्हणे, घ्या.
माझा साळा, शोभाचा भाऊ टेकचंद, सानगडीवरून रोज फोटो पाठवते. त्याची एच.एफ., म्हणजे विलायती गाय, बाजूले भरलेली कॅन, खाली लिहिलेलं, सोळा लिटर. याची मस्ती मीच उतरवतो.

त्याच दिवशी, दुपारी
कुंदनले बोलावलं. हा मोटरसायकलवर थंडा डबा घेऊन गावोगावी गाईंले बीज भरत फिरते. म्हटलं, सगळ्यात मोठ्या एच.एफ. वळूच्या बिजाची कांडी काढ. एक निघाली. त्या वळूच्या मायचं दूध तीस लिटर! कुंदन म्हणे, काका, तुमची गाय गावरान, एवढीशी, त्यात पहिलं वेत. वासरू अडकन. मी म्हटलं, तुले शिकवाले बोलावलं का कांडी भराले?
शोभाही मधात बोलली. म्हणे, चिमणीले गावरान गोऱ्हाच बरा. चिमणी शोभाच्या मायनं दिलेली, शोभानं हातानं दूध पाजून वाढवलेली, म्हणून काय सायन्स बदलते? दोघाइलेही झापलं.

२० नोव्हेंबर
परत माजावर आली नाही. म्हणजे गाभण लागली! कुंदनले फोन करून दोनदा ऐकवलं. टेकचंदले मेसेज टाकला. त्यानं नुसता अंगठा पाठवला. जळते.
संकल्प: आजपासून रागावणं बंद. बीपी वाढते.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी
रागावलो. पण कारण होतं.

९ एप्रिल
मोबाइलवर व्हिडिओ पाहून खुराकाचा चार्ट बनवला अन् कोठ्यात चिकटवला. सरकीची ढेप, मक्याचा भरडा, कॅल्शियम, वरून धानाचं तणस. चार्ट पाचशे किलोच्या गाईचा आहे. चिमणी दोनशेची असन. पण पोटातलं वासरू कोणाचं आहे हे नको का पाहाले?
गावची गुरं चारणारा नत्थू आला. म्हणे, मालक, पहिल्या वेताची गाय अशी माजवू नका, चालती ठेवा, माझ्यासोबत तलावाकडं येऊ द्या. चाळीस वर्षं लोकाइची गुरं चारली, स्वतःची एक नाही, अन् मले अक्कल शिकवते! आजपासून चिमणीचं चरणं बंद.

१७ जून
ढेप संपतच नाही म्हणून पाहिलं, तर शोभा निम्मी ढेप परत पोत्यात टाकून राहिली. माझ्या घरात माझ्याच चार्टले सुरुंग! विचारलं तर म्हणे, तिले उठाले जमून नाही राहिलं, दिसत नाही का? दिसते ना. तब्येत बनून राहिली.
पोतं कोठीत टाकून कुलूप लावलं. किल्ली करदोट्याले बांधली. झोपताना रुतते, पण शिस्त म्हणजे शिस्त.

२२ जुलै, सकाळी ६
कळा सुरू. गाव सारं धानाच्या रोवण्यावर गेलेलं. हरकत नाही. व्हिडिओत अर्ध्या तासात वासरू बाहेर येते.

सकाळी ८
दोन पाय दिसले. काय जाड पाय, बाप्पा! टेकचंदले फोटो पाठवला.

साडेनऊ
तेवढेच दिसून राहिले.

साडेदहा
कुंदन फोन उचलत नाही. हरामखोर. वेळेवर एकही माणूस कामाचा नाही. शोभा चिमणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे. मी तिले म्हटलं, रडू नको, गाय घाबरन. व्हिडिओ पुन्हा लावला, तर नेट चालून नाही राहिलं. पावसाळी हवा आहे.

अकरा
शोभानं गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर करुणा मॅडमले फोन लावला. मले न विचारता.

संध्याकाळी ५
मॅडम चिखलातून अर्धा रस्ता पायी आल्या. खांद्यापर्यंत हात घातला. दोरी लावून मी, तलावावरून बोलावून आणलेला नत्थू अन् त्या, तिघं ओढून राहिलो होतो. पाऊण तास. गोऱ्हा निघाला. आतच मेला होता. चिमणी वाचली, पण उभी होत नाही.
मॅडमनं हात धुता धुता विचारलं, एवढ्याशा गाईले हे बीज कोणी भराले लावलं? अन् एवढी चरबी कोणी चढवली?
मी म्हटलं, हिनं. गाय हिच्या माहेरची, कोठ्यात हिचंच चालते.
शोभानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणे, हाव, मीच.
मॅडम तिले धा मिनिटं रागावल्या. नत्थूच्या समोर. तिनं खाली मान घालून ऐकलं. मले इतका राग आला! हाव काहून म्हणाली? नाही म्हटलं असतं तर मी सांगितलंच असतं ना.

२६ जुलै
चिमणी आज उभी राहिली. दोन घोट पाणी प्याली.
मॅडमचा फोन आला, शोभाले. खुराक किती, चालवायचं कधी, पुढच्या वेळी कोणतं बीज, सगळं तिलेच सांगून राहिल्या होत्या. मी बाजूलेच उभा. एक शब्द मले विचारला नाही. डोकंच फिरलं. म्हटलं, सांगून टाक ना त्यांले, डिसिजन कोणाचे होते ते!
शोभा म्हणे, तुम्हीच सांगा. अन् फोन माझ्या हातात दिला.
तिकडून मॅडम म्हणे, हॅलो, कोण बोलते?
मी म्हटलं, आवाज येऊन नाही राहिला, अन् कट केला.