साध्या काचेचा चष्मा

बाबा, तुमची नात किकबॉक्सिंग खेळते. तुम्ही असतात तर आधी कपाळाला हात लावला असतात आणि मग पहिल्या रांगेत जाऊन बसला असतात. अलिबागला स्पर्धा आहे. रिंगमध्ये उतरण्याआधी प्रत्येकीला एचआयव्ही आणि रक्तातून पसरणाऱ्या काविळीसाठी रक्त तपासून घ्यावं लागतं. लाथाबुक्क्यांत एकीचं रक्त दुसरीच्या जखमेला लागू नये म्हणून. नियम शहाणा आहे. शहाणा नियम दिसला की मी आधी त्याची पळवाट शोधतो. वर्तमानपत्रांतून लोकांची टर उडवून पोट भरणाऱ्याची सवय. पळवाट या खेपेला तिच्या सरांनीच घरपोच आणली. "काका, पोरीला सुई कशाला टोचायची? लॅबवाला आपलाच आहे. आधारचा फोटो टाका, संध्याकाळी रिपोर्ट हजर." एरवी अशा माणसावर मी अख्खा लेख पाडला असता. त्याला मी बसवून चहा पाजला.

कारण मला तुमचा चष्मा आठवला. दुबईच्या नोकरीसाठी तुम्ही मुंबईला मेडिकलला गेलात आणि मुरुडच्या एसटीतून उतरलात ते 'अनफिट' होऊन. शेजारचे चाचा, ज्यांचे दोन्ही मुलगे तिकडेच, कुंपणावरून विचारतायत, "क्या हुआ भाई?" तुम्ही म्हणालात, "नजर कमी निघाली." चाचा हसले, "नजरेला कोण अनफिट करतो? निम्मी दुबई चष्मा लावून फिरते!" त्याच आठवड्यात तुम्ही चष्मा आणलात. मी गुपचूप लावून पाहिला होता, साधी काच. मग स्वयंपाकघरात तुमचं ताट वेगळ्या फळीवर गेलं. आई ते वेगळं घासायची आणि विचारलं की भांड्यांचा आवाज वाढवायची. मिसरूड फुटल्यावर मी तुमचा वस्तरा घेतला, हनुवटीवर कापून घेतलं, तेव्हा तुम्ही आयुष्यात एकदाच मला मारलंत. "दुसऱ्याच्या वस्तऱ्याला हात लावायचा नाही!" दुसऱ्याच्या? मला वाटलं, नोकरी गेल्याचा राग पोरावर काढताय. पुढे पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारायचे, दारू किती प्यायचे? तुम्ही तर ताडीच्या वासानेही रस्ता बदलायचात. 'लिव्हर' एवढंच कळलं. काविळीबद्दल माझा आजवर फक्त संशय आहे. ज्याने लोकांवर संशय घेऊन घर चालवलं, त्या मला हा एकच संशय तपासावासा वाटला नाही.

म्हणून मला खोटा रिपोर्ट हवा होता. पोरीच्या रक्तात माझ्यामार्फत तुम्ही उतरला असाल तर ते मला कळायला नको होतं. पण ती तुमच्यावर गेलीय, ऐकत नाही. "पप्पा, माझा असा खोटा आला, म्हणजे समोरचीचापण असाच आला असणार. मी तिच्या नाकावर मारणार, ती माझ्या. मग कसला नियम?" सरांना तोंडावर नाही म्हणाली आणि मला गाडीत घालून दुसऱ्या लॅबकडे निघाली. वाटेत मी तिला ताटाची आणि वस्तऱ्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ताटातून नाही हो पसरत ते." म्हणजे इतकी वर्षं तुम्ही उगाच एकटे जेवलात, बाबा. वस्तऱ्याचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

आज तिचा रिपोर्ट आणायला गेलो. 'नॉन-रिअॅक्टिव्ह.' म्हणजे रक्तात काही नाही. ओळ पुन्हा वाचली, नाव ताडून पाहिलं, लॅबवाल्याला विचारलं, "खरंच तपासलंत ना?" तो वैतागला. "काका, एवढा संशय आहे तर तुमचंच काढतो, समोर बसून बघा." पोरीनेच त्याला सांगून ठेवलं असणार. हे लिहितोय ते कुठे छापून यायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मी म्हटलं, आज नको, चहा झालाय. तो म्हणाला, याला चहा चालतो.

मग मी म्हटलं, दोन झालेत.