लाल ठिपका

मीरपूर, ढाका
१९ फेब्रुवारी, पहाट

प्रिय आपा,

अस्सलाम वालेकुम. इकडे सगळे खुशाल. अम्माचा गुडघा थंडीत धरला होता, आता जिना उतरते. परवा तिने सुक्या बोंबलाचं भरीत केलं, घरभर वास, आणि ‘मोर्शेदाला फार आवडतं’ म्हणत, तुझी आठवण काढत एकटीच जेवली.

सहा वर्षांनी माझं पत्र, तेही कोहिनूर चाचीच्या हातून, बघून तू नाक मुरडशील. मुरड. माझ्या बातमीने दुलाभाईंची, तुझ्या नवऱ्याची, जहाजं मोडायच्या यार्डातली नोकरी गेली, तेव्हापासून तू माझा नंबर बंद करून ठेवलास, तो राग खराच आहे. पण हे चुलीत घालू नकोस. शेवटपर्यंत वाच.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या पेपरच्या नंबरवर एक व्हिडिओ आला. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. सीताकुंडचा किनारा, चिखलात रुतलेलं मोडीचं जहाज. एक पत्रा सुटतो आणि खालचा माणूस दिसेनासा होतो. यार्डमालक म्हणाला, हा परदेशातला जुना व्हिडिओ, आमचा पत्रे कापणारा कटर इद्रिस तर रजेवर गावी गेलाय. इद्रिसची बायको मात्र रोज फाटकाशी येऊन बसत होती.

मी हट्टाला पेटले. जे कुणालाही घरबसल्या बघता येतं तेवढंच बघितलं: जहाजांच्या फेऱ्यांची नोंद, भरतीचं वेळापत्रक, आकाशातून काढलेले नकाशे. ते जहाज जानेवारीच्या उधाणालाच किनाऱ्याला लागलं होतं, मग व्हिडिओ जुना कसा असेल? मालक खोटा पडला. आमचे संपादक शाहेद भाई कधी कुणाला बरं म्हणत नाहीत. ते म्हणाले, “टुनी, आज माझ्या हातचा चहा पी.” मीही मिरवत प्यायले.

आता जे लिहायचं ते लिहवत नाही. आमच्या कामाची रीत अशी, की ‘आम्हाला कळलं’ एवढं म्हणून भागत नाही. कसं कळलं ते पायरी पायरीने छापायचं, म्हणजे कुणालाही तपासता येतं. मी नकाशावर मशिदीच्या मिनारापासून एक रेघ ओढली, मोबाईलच्या टॉवरपासून दुसरी. व्हिडिओत दोन्ही जिथून तसे दिसतात, तिथे रेघा एकमेकींना छेदल्या. एका पत्र्याच्या छपरावर. तिथे मी लाल ठिपका दिला आणि खाली लिहिलं, ‘चित्रण येथून झाले’.

काल दुपारी ऑफिसात फोन आला. आवाज अगदी नरम. “बाई, तुमचा ठिपका बरोबर बसलाय. छपरावर निळी टाकी आहे, नाही का?”

माझ्या नकाशात टाकी नव्हती, आपा. तो नकाशा दोन वर्षांपूर्वीचा. तो माणूस तिथे जाऊन आला होता.

घरी आले तर अम्मा पेपर नाकाशी धरून बसलेली. म्हणाली, “हा मिनार मोर्शेदाच्या परसातून दिसतो गं. तिथेच उभी राहून मी केस वाळवायचे.”

मग तुझ्याबद्दल काय काय उघड्यावर आहे ते मी शोधलं. अकरा मिनिटं लागली. दुलाभाईंनी ईदला टाकलेला फोटो, मागे निळी टाकी. तुझ्या लेकीच्या, मिथिलाच्या, शाळेचा बिल्ला, त्यावर वर्ग आणि तुकडी. मला सापडलं ते त्यांनाही सापडणार.

व्हिडिओच्या शेवटी कुणीतरी हळूच ‘आई गं’ म्हणतं. मी ते शंभरदा ऐकलं असेल. माझ्या बहिणीचा आवाज मला ओळखू आला नाही, आणि तिचं घरही नाही. तू नाव लपवून मलाच पाठवलंस, कारण वाटलं असेल, टुनी सांभाळेल. मी तुझं नाव सांभाळलं आणि घर दाखवून दिलं. मला माफ करू नकोस, पण आज माझं ऐक.

ठिपका काढून टाकलाय, तरी हजारो लोकांनी तो उतरवून घेतलाय. पोलीस ठाण्यात फोन केला तर त्यांनी पहिलं विचारलं, “कोणतं घर?” मी फोन ठेवून दिला. दुलाभाई पुन्हा त्याच यार्डात लागलेत म्हणे, त्यांच्या शेजारी कोण उभं असेल या भीतीने त्यांनाही केला नाही. तू त्यांना घरी बोलावून घे, अम्माला बरं नाही म्हणून सांग.

मिथिलाला मधल्या सुट्टीत शाळेतूनच उचल. मोबाईल घरात चालू ठेवून निघा. कपडे दोरीवर असू देत. चाचीबरोबर दुपारच्या बसमध्ये बसा आणि जिथे आपण दोघी पोहायला शिकलो तिथे उतरा. नाव लिहीत नाही. त्या तळ्याचा फोटो कुठेच नाही, मी बघितलंय.

पोचलात की मला कळवू नका. चाची फक्त अम्माला सांगेल, ‘बोंबील पोचले’. तेवढ्यावर मी राहीन.

कधी ना कधी तू स्वतःहून येशील, तोवर तुला न शोधणारी,
तुझी टुनी