बाबांनी वाळवलेल्या साली

९ जून, रविवार

प्रिय ताई,

पत्र पोचलं. गुडघा शेकत जा, अंगावर काढू नकोस. मी ठीक आहे. प्रयोगशाळेत नवी चक्की आलीय, साली अगदी पिठासारख्या दळते. माझे पीएचडीचे सर खुशीत आहेत.

बाबांचं शेवटचं पुडकं अजून माझ्या कपाटात पडून आहे. कोपऱ्यावरच्या कॅन्टीनमधून दुधी भोपळ्याच्या साली आणायच्या, गच्चीत सावलीला वाळवायच्या, पुड्यावर तारीख घालायची. "लोक फेकतात त्यावर माझी पोर डॉक्टर होणार!" असं सगळ्यांना सांगायचे. कॅन्टीनवाला म्हणायचा, "काका, तुमची पोर माझ्या बकरीच्या पोटावर पाय देतेय." मला अजून हसू येतं, आणि मग रडू.

तू पुन्हा तेच लिहिलंस. "पंधरा दिवस सासरी गेले नसते तर ते साखरेवरच्या गोळ्या विसरले नसते. डबी भरून ठेवली तशीच होती गं." बाबा गेल्यापासून चार महिने हेच चाललंय, आणि मी दर वेळी 'नशीब' असं लिहून मोकळी होते.

ताई, ते विसरले नव्हते.

मी एकदा बोलून गेले होते, या सालींच्या अर्काने उंदरांची साखर उतरते. "मग मी काय उंदराहून गेलो?" म्हणाले. मी खो खो हसले. नको म्हणायचं राहूनच गेलं. ते सालींची पूड घेऊ लागले. रोज सकाळी फोनवर साखर सांगायचे आणि मी, मूर्ख, वहीत टिपून घ्यायचे. तू सासरी गेलीस त्या दिवशी म्हणाले, "गोळ्या बंद केल्यात. दोन्ही घेतलं तर कशाने उतरली, तुला कळणार कसं?"

मी काय म्हणाले माहितीये? "बाबा, दोनच दिवस हं."

दोन दिवस झाले. आकडे चांगले येत होते, म्हणून मी गोळ्यांचा विषयच काढला नाही. मला अजून आकडे हवे होते.

इस्पितळात त्यांचं साखर मोजायचं यंत्र माझ्या हातात आलं. त्यातले जुने आकडे पाहिले. माझ्या वहीत शेवटच्या सकाळी एकशे दहा आहेत. यंत्रात चारशे साठ. माझा प्रयोग फसू नये म्हणून ते खोटं सांगत होते गं.

वही सोबत पाठवतेय. बघ, आणि स्वतःला दोष देणं थांबव. डबी तू नीट भरली होतीस.

यानंतर तुझं पत्र आलं नाही, तर का ते मला कळेल.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझीच,
धाकटी